पुढे डू, मागे का

अण्णा, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहूनच गेली. 'डू यू कम?' हे इंग्रजी चुकीचं होतं.

रोज संध्याकाळी मी जिना चढून वर आले, की गॅलरीतल्या खुर्चीतून तुम्ही विचारायचात, "डू यू कम?" आणि मी चप्पल काढता काढता म्हणायचे, "येस, आय डू." तुम्हाला म्हणायचं असायचं, आलीस का. समोर धडधडीत उभ्या असलेल्या माणसाला आलीस का म्हणून विचारायचं, ही आपली रीत. कुणी बसलेलं दिसलं की बसलात का, कुणी ताटावर दिसलं की जेवताय का. इंग्रजीत असं कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर असं तर मुळीच नाही. हे मला कंपनीतल्या मैत्रिणींकडून कळलं. त्या पोट धरून हसल्या, मीही हसले. पण घरी येऊन तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही. दिवसभर बरोबर इंग्रजी बोलून जीव दमलेला असायचा, आणि दारात ते एक चुकीचं वाक्य ऐकलं की घरी पोहोचल्यासारखं वाटायचं.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही आणि मी तुमच्या चुका काढत बसले आहे. तुमच्या बहिणीनं, आत्याबाईंनी, ऐकलं तर म्हणतील, सासऱ्यानं शिकवली आणि डोक्यावर बसली. पण तुमच्याशी मी दुसऱ्या कुठल्या सुरात बोलू? आपल्या दोघांत जे काही जमलं ते एकमेकांच्या चुका काढण्यातूनच जमलं.

शिकवणी खरं तर रेवाची होती. माझी लेक तेव्हा दुसरीत, इंग्रजी शाळेत, आणि तुम्ही पिंपरीतल्या कंपनीच्या स्टोअर्समधून निवृत्त झालेले, वेळ खायला उठलेला. बाहेरच्या खोलीत तुम्ही आजोबा-नात, आत ओट्यापाशी पोळ्या लाटणारी मी, मध्ये भिंत. रेवाचं घोडं एकाच जागी अडायचं. 'शी कुक्स' तिला यायचं, पण प्रश्न करायचा झाला की ती 'डझ शी कुक्स' म्हणायची. तुम्ही दहा वेळा सांगायचात, ती दहा वेळा तेच करायची. शेवटी एक दिवस तुम्ही तिला किल्लीची गोष्ट सांगितलीत.

"हा जो शेपटीचा एस आहे ना, ती आपल्या घराची किल्ली समज. किल्ली आहे एकच. साधं वाक्य असलं तर किल्ली कुककडं. पण प्रश्न विचारायला डू पुढं निघाला, की किल्ली तो खिशात टाकतो आणि त्याचा होतो डझ. मग कुककडं किल्ली राहील कुठनं?"

आतच आई, माझ्या सासूबाई, कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगून टाकलं की किल्ली त्यांच्या कमरेला आहे आणि ती कुणाच्या खिशात जायची नाही. तुम्ही हसलात, आणि रेवाला परीक्षेचा प्रश्न टाकलात, "डझ युवर मदर कुक?" तुम्ही पुन्हा विचारलंत. ती आपली पेन्सिलीचं टोक चावत बसलेली. आणि अण्णा, आतून माझ्याच तोंडून निघून गेलं, "येस, शी डझ."

तव्यावरची पोळी करपली. मग भिंतीला उद्देशून तुमचा आवाज आला, "करेक्ट."

मी लाजेनं अर्धी झाले, कारण तोवर आपण कधी बोललोच नव्हतो. मी परभणीकडची. आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. सासरी निघताना माझ्या आईनं बजावलं होतं की सासऱ्यासमोर आवाज चढता कामा नये. मी ते इतकं मनावर घेतलं की आवाज काढलाच नाही. चहा विचारायचा तर आईंच्या मार्फत, आणि रेवा बोलायला लागल्यावर तिच्या मार्फत. 'आजोबांना विचार, चहा ठेवू का.' ती धावत जायची, धावत यायची, 'ठेव म्हणाले.' दोन खोल्यांचं घर, तुम्ही माझ्यापासून चार हातांवर, आणि निरोप मात्र परगावी धाडल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी तुम्हीच रेवाच्या हाती निरोप धाडलात. आईला म्हणावं, उत्तर पोपटसुद्धा देतो, प्रश्न विचारून दाखव. मला त्या पोपटाचा राग आला. रागातच मी कप घेऊन बाहेर आले आणि खाली मान घालून म्हटलं, "यू वॉन्ट टी, का?"

तुम्ही हसला नाहीत. कपाला हातही लावला नाहीत. म्हणालात, तो मागचा 'का' घरात राहू दे, पुढं डू लाव, मग घेतो. मी तशीच उभी. चहावर साय धरली. आई आतून म्हणाल्या की म्हाताऱ्याला आज चहा मिळत न्हाई. शेवटी मी कसंबसं जुळवलं, "डू यू वॉन्ट टी?" तुम्ही सरळ बसलात, एखाद्या मोठ्या माणसाला द्यावं तसं उत्तर दिलंत, "येस, आय डू," आणि तो गार चहा एका दमात पिऊन टाकलात.

भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तुम्हाला तोंडावर विचारलेला हा माझा पहिला प्रश्न. मराठीत मी तो कधीच विचारू शकले नसते. पदर नीट आहे का, नजर कुठं ठेवू, 'अहो' म्हणू की नुसतंच खाकरू, यातून वाट काढेपर्यंत तुम्ही टपरीवर जाऊन चहा पिऊन आला असतात. इंग्रजीत यातलं काहीच आडवं येत नव्हतं. मी मोरीतच रडले, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं.

मग मला एक शंका आली आणि मी ती थेट विचारली, कारण एव्हाना मला चटक लागली होती. तुम्हाला 'यू' म्हणते तेव्हा ते 'तू' होतं की 'तुम्ही'? तुम्ही थोडा विचार केलात. म्हणालात, "यूमध्ये दोन्ही मावतात. तू तुझ्या मनानं म्हण, मी माझ्या मनानं ऐकतो." तुम्ही नेमकं काय ऐकत होतात ते मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही नाही. काही गोष्टी 'यू'मध्येच बऱ्या असतात.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. माझं म्हणणं, 'का' शेवटी येतो ते किती शहाणपणाचं आहे. मराठीत आधी सगळं वाक्य बोलून होतं. बोलता बोलता समोरच्याचा चेहरा बघता येतो. तो आक्रसला तर 'का' गिळून टाकायचा, प्रश्नाचं साधं वाक्य होतं, कुणाला काही कळतही नाही. 'मी माहेरी जाऊन येते...' इथपर्यंत यायचं आणि बघायचं. इंग्रजीत ती सोय नाही, पहिल्याच शब्दाला सांगावं लागतं की मी प्रश्न विचारणार आहे. तुम्ही यावर चिडायचात. म्हणायचात, "म्हणूनच तुम्ही बायका जन्मभर प्रश्न गिळता. डू आधी लावला की माघार नाही. विचारायचं तर विचारायचं." मी म्हणायचे, माघार घेता येणं हीसुद्धा एक अक्कल आहे. आणि शिवाय, 'यू वॉन्ट टी' असं नुसतं सूर चढवून म्हटलं तरी जगाला समजतं, तुमच्या डूवाचून कुणाचं अडत नाही. तुम्ही म्हणायचात की समजणं वेगळं आणि विचारणं वेगळं. आई म्हणायच्या, घरात दोन इंग्रज झाले, आता राज्य कुणाचं ते तरी ठरवा.

माझ्या नोकरीची कल्पना तुमचीच. यांची चाकणला शिफ्ट, कधी सकाळी कधी दुपारी, आणि ते म्हणाले, अण्णा म्हणत असतील तर माझी ना नाही. पहिला इंटरव्ह्यू माणमधल्या एका ऑफिसात झाला. तिथं माझी अशी बोबडी वळली की स्वतःचं नाव सांगतानाही डू लावला. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून बसले. तुम्ही माझ्यापुढे स्टूल ओढलंत आणि विचारलंत, "कामून डू यू क्राय?"

कामून हा माझा शब्द. आमच्याकडं 'का' म्हणजे 'का बरं' असं विचारायचं तर कामून म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा दापोडीच्या या गल्लीत त्या शब्दावरून माझी इतकी टर उडवली गेली की मी तो बोलणंच सोडून दिलं होतं. तुमच्या तोंडून तो असा इंग्रजीच्या मांडीला मांडी लावून बसलेला ऐकला आणि मला रडता रडता हसू फुटलं. शिक्षक म्हणून तुम्ही कसे होतात ते मला सांगता येणार नाही, पण माणूस म्हणून तुम्ही असे होतात.

दुसरा इंटरव्ह्यू निघोज्याला, रिसेप्शनचा. तुम्ही बजावलं होतं की शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही प्रश्न आहेत का, आणि तिथं 'नो सर' म्हणणारी पोरगी घरी जाते. साहेबांनी खरोखर तसंच विचारलं. माझ्या डोक्यात किल्ली फिरली, खिशात पडली, आणि मी विचारलं, "डझ द बस कम टू दापोडी?" साहेब हसले. म्हणाले, दापोडीला नाही, नाशिक फाट्यापर्यंत येते. नोकरी लागली हे मी घरी सांगितलं तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत, पण प्रश्न ऐकलात तेव्हा मांडीवर थाप मारलीत. 'कम'ला एस लावला नाहीस ना, हे तुम्ही दोनदा विचारलंत. वर म्हणालात की बाकीच्यांना कंपनीत उत्तरं द्यावी लागतात, तुला प्रश्न विचारायचा पगार मिळणार. ते खरंच होतं. हूम डू यू वॉन्ट टू मीट, डू यू हॅव अॅन अपॉइंटमेंट, दिवसभर माझं तेच चालतं.

एकच करायचं राहिलं. मी मागे लागायचे की आता भूतकाळ शिकवा, 'डिड'चं काय ते सांगा. तुम्ही टाळायचात. म्हणायचात की आधी वर्तमान पक्का होऊ दे, भूतकाळाची कसली घाई, तो आपला आपण येतो.

त्या दुपारी तुम्ही रेवाच्या शाळेच्या गाडीची वाट बघत गॅलरीत बसलात. गाडी आली, हॉर्न वाजला, आणि तुम्ही उठला नाहीत. भूतकाळ असा येतो हे मला माहीत नव्हतं, अण्णा.

नंतरचे दिवस माणसांचे होते. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, जिन्यावर चपलांचा ढीग. येणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल 'होते' म्हणायचा आणि मला ते टोचायचं. तुमची खुर्ची गॅलरीत तशीच होती. कुणी तिच्यावर बसलं नाही, कुणी ती मिटून आतही ठेवली नाही. आत्याबाई दिवस होईपर्यंत राहिल्या. आईंना त्यांचा आधार होता, हे खरं. पण पोळ्या लाटताना मला बाहेरचं बोलणं ऐकू यायचं, ती भिंत काही बदललेली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आता पोरीला गाडीवरनं कोन आननार? वैनीचं गुडघं हे असं. सुनंला आता घरीच बसाया लागंल."

ते मला विचारलेलं नव्हतं. ते नुसतं सांगितलेलं होतं, त्याला 'का' नव्हता. आणि आत्याबाई खोटं बोलत नव्हत्या. मी नोकरी करू शकले ती तुम्ही खुर्चीत होतात म्हणून. रेवाला खाली जाऊन आणणं, तिला दूध देणं, तिचा अभ्यास, सगळं तुमच्यावर होतं. मी नोकरी सोडली असती तर कुणी मला वाईट म्हटलं नसतं, उलट चार बायकांनी कौतुक केलं असतं. पण सकाळी नाशिक फाट्याला उभी राहणारी, दिवसभर माणसांच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारणारी जी मी होते, ती तुमच्या बरोबरच गेली असती. मला ती हवी होती. मला ती फार हवी होती, अण्णा.

आईंना विचारायचं होतं. ओट्यापाशी मी सुरुवात करायचे, 'सोमवारपासून रजा संपते...' आणि त्यांचा चेहरा बघायचे. चेहऱ्यावर काहीच नसायचं. मग 'का' घशातच राहायचा आणि वाक्य तिथंच संपायचं. आई म्हणायच्या, "हं." तुम्ही असतात तर टाळी वाजवून म्हणाला असतात, बघ, गिळलास.

सोमवारी सकाळी मी डबा भरला, तयार झाले, आणि दाराशी येऊन उभी राहिले. पर्स खांद्याला, पाय उंबऱ्यात. या वेळी मी पुढून सुरुवात केली. "आई, तुम्हाला विचारायचंय. मी नोकरी चालू ठेवू का?"

त्या रेवाची वेणी घालत होत्या. रिबिनीची गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, "सांजच्याला ये. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय ते कुठल्याच भाषेत कळत नाही. बसमध्ये मला मोशीपर्यंत नुसतं तेच ऐकू येत होतं. कंपनीत सगळ्या जणी हळू आवाजात बोलत होत्या. दुपारी तो परदेशी इंजिनिअर आला, अधूनमधून येणारा. त्याला तुमच्याबद्दल मीच मागे हौसेनं सांगितलं होतं, की माझे सासरे मला इंग्रजी शिकवतात. त्याला काही कळलेलं नव्हतं. वहीत सही करता करता त्यानं हसून विचारलं, "युवर टीचर, ही टीच यू नाउ ऑल्सो?"

डू नाही, डझ नाही, एस नाही. नुसता सूर चढवलेला. आणि मला सगळं समजलं. बघा अण्णा, मी जिंकले, असं तुम्हाला सांगावंसं वाटलं. मग उत्तर द्यायची वेळ आली. खरं उत्तर मला येत नव्हतं, तो धडा तुम्ही घेतलाच नव्हता. मी उभी राहिले आणि तुम्ही शिकवलं होतं तसं पूर्ण उत्तर दिलं, "येस, ही डझ." तो मान डोलवून आत गेला. मी खोटं बोलले असं मला अजूनही वाटत नाही.

पण मग दुपार सरेना. गाडी आली असेल, हॉर्न वाजला असेल, खाली कोण गेलं असेल. घरी फोन लावला तर कुणी उचलेना. नाशिक फाट्यावर उतरले ती जवळजवळ पळतच रिक्षा गाठली. जिन्याच्या ज्या वळणानंतर तुमचा आवाज यायचा, त्या वळणावर मी थांबले. तिथून पुढे कुणी काही विचारणार नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा खरं वाटलं.

मी वर आले. गॅलरीत तुमच्या खुर्चीत आई बसल्या होत्या. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी, कमरेला किल्ली. पायाशी रेवा, दुधाच्या मिशा तशाच, चित्र रंगवत बसलेली. आई दोन जिने उतरून तिला घेऊन आल्या होत्या आणि पुन्हा चढल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे बघत, खाकरून, शाळेतल्या मुलीसारख्या घाबरत त्या म्हणाल्या, "डू यू कम, का?"

रेवा खुदकन हसली. म्हणाली, "आजी, 'का' नाही लावायचा." आई म्हणाल्या, "तू गप. डू त्यांचा, का माझा."

इतकी वर्षं भिंतीआडून ऐकणारी मी एकटी नव्हते, अण्णा. कोथिंबीर निवडता निवडता त्यांनीही सगळे धडे केले होते. आपलं भांडण तुम्ही अर्धं टाकून गेलात, ते त्यांनी मिटवलं. पुढे डू, मागे का, आणि मध्ये मी.

मी चप्पल काढली. डोळे भरून आले होते, पण पूर्ण उत्तर द्यायचं तुम्ही शिकवलं आहे.

"येस, आई. आय डू."